कड्यावरचं फूल

१

आमच्या विद्यापीठाने एका मेलेल्या मुलाला शिस्तभंगाबद्दल दोषी ठरवलं. पेपरात ती बातमी वाचली तेव्हा मी नर्सरीत पाणी घालत होते, आणि हातातला पाइप चपलांवर वाहत राहिला तरी मला कळलं नाही. अभ्याससहलीला गेलेला वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी दुपारी सगळे विश्रांती घेत असताना दरीत पोहायला उतरला आणि बुडून मेला, असं त्यात होतं. कुलगुरूंनी खेद व्यक्त केला होता आणि त्याच दमात विद्यापीठाची काही चूक नाही, हेही सांगून टाकलं होतं. चौकशी अजून संपायची होती, निष्कर्ष मात्र आधीच तयार होता. मेलेला माणूस उलट उत्तर देत नाही, ही केवढी सोय.

मी त्याच विभागात शिकले. दरवर्षी माजी विद्यार्थिनी म्हणून मला गोडगोड निमंत्रणं येतात, मातृसंस्था काय, ऋणानुबंध काय. या मातृसंस्थेने आपल्याच लेकराबद्दल असं लिहावं, म्हणून माझं डोकं फिरलं.

पण खालची ओळ वाचली आणि मी पाइप खाली टाकला. गटप्रमुख विद्यार्थिनीने त्याला परस्पर परवानगी दिल्याचं दिसत असून तिच्यावर कारवाई होणार, असं तिथे छापलं होतं. ती गटप्रमुख म्हणजे माझी सख्खी भाची.

२

ताईकडे पोचले तर भाची पलंगाच्या कडेला बसलेली, केस न विंचरलेले. ताई म्हणाली, तूच विचार बाई, माझ्यापुढे हिची दातखीळ बसते. मग मी दार लावून घेतलं आणि विचारलं.

सहल अगदी छोटी होती. विभागप्रमुख, एक नवे प्राध्यापक आणि पाच विद्यार्थी. विभागप्रमुखांना पोरं भिंगसर म्हणतात, आमच्या वेळेपासून म्हणतात, कारण गळ्यातलं भिंग ते जेवतानाही काढत नाहीत. मेलेला मुलगा सगळ्यांत उंच, म्हणून लंबू. गाडी वाटेत बंद पडल्यामुळे डोंगरावरच्या विश्रामगृहात पोचेपर्यंत दुपार कलली होती. तरी सरांनी सगळ्यांना आसपासची झाडं गोळा करायला पिटाळलं, आणि रात्रीच्या जेवणाआधी भाचीने आणि नव्या सरांनी मिळून ती कागदांत घालून दाबाच्या चौकटीत बांधली. दुसऱ्या दिवशी अंधारातच नवे सर तीन मुलांना घेऊन पलीकडच्या पठारावर गेले. विश्रामगृहात राहिले भिंगसर, लंबू आणि भाची.

इथून पुढे दोन गोष्टी होत्या, आणि त्यांतली एकच खरी असणार होती. भिंगसरांनी चौकशी समितीला सांगितलं, की डोकं दुखत असल्यामुळे ते उन्हं वर येईपर्यंत खोलीत झोपून होते. लंबू दुपारी त्यांच्याबरोबर जेवला आणि नंतर भाचीला विचारून दरीकडे गेला. भाची म्हणत होती, की लंबू नाश्त्यालाच नव्हता. तिने विचारलं तेव्हा सर म्हणाले, त्याला खालच्या गावात रद्दी आणायला पाठवलंय, झाडं दाबायला कागद कमी पडतायत.

“पण मावशी, रद्दीचा गठ्ठा खाटेखाली तसाच होता,” ती म्हणाली.

संध्याकाळी लंबू दरीतल्या डोहात सापडला. पाणी इतकं थंड, की मृत्यूची वेळ नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. म्हणजे हिचा शब्द आणि त्यांचा शब्द. एकीकडे विभागप्रमुख, दुसरीकडे पोरसवदा विद्यार्थिनी. समिती कोणावर विश्वास ठेवणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आदल्या रात्री लंबू काही बोलला होता का, असं मी विचारलं. ती नाही म्हणाली आणि चादरीचा दोरा ओढत बसली. या पोरीला मी दुपट्यात गुंडाळलेली असल्यापासून ओळखते. ती माझ्याशी खोटं बोलत होती.

३

दुसऱ्या दिवशी मी कुलगुरूंना भेटायला गेले. त्यांनी मला दालनाबाहेर ताटकळत ठेवलं, म्हणजे त्यांच्या माणसाने चहा दिला आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत हे मला पाठ होईपर्यंत सांगितलं. विद्यापीठाच्या वर्धापनाची तयारी चालली होती. भिंतीवर भल्यामोठ्या काचेच्या चौकटीत एक वाळवलेलं झाड लावलेलं होतं आणि दोन माणसं त्यावर दिवा बसवत होती. आमच्या विभागाने लावलेला नवा शोध, जगात कुणालाच माहीत नसलेली वनस्पती. पुढच्या महिन्यात समारंभ करून तिला विद्यापीठाचं नाव देणार होते.

सवयीने मी उठून जवळ गेले. झाड सुंदर दाबलं होतं. हात भिंगसरांचाच, ती सफाई मी कुठेही ओळखीन. प्रत्येक पान मोकळं आणि मुळं शेवटच्या तंतूपर्यंत शाबूत. झाड मुळासकट घ्यायचं, तोडून आणणारा तो माळी, असं ते आम्हाला सुनवायचे. मी पुढे माळीणच झाले, तो भाग वेगळा.

मुळं मात्र विचित्र होती. एका बाजूने सपाट, पंख्यासारखी पसरलेली, मातीचा कण नाही. असली मुळं ओल्या उभ्या खडकाला चिकटून राहणाऱ्या झाडाची असतात.

तेवढ्यात मागून भिंगसरच आले. मला ओळखलं, नर्सरी कशी चाललीय विचारलं. केस पांढरे झाले होते, भिंग तेच होतं. मी झाडाचं कौतुक केलं तर चेहरा उजळला. हे कुठे मिळालं, असं विचारल्यावर म्हणाले, अगं, परवाच्या त्या दुर्दैवी सहलीतच. पोचलो त्या दुपारी मी जरा एकटाच फिरायला गेलो, तर पायवाटेच्या कडेला हे उभं. मग डोळे टिपले आणि त्या मुलाबद्दल दोन वाक्यं बोलले. डोळे खरोखर ओले होते.

ते गेल्यावर मी पुन्हा झाडाकडे वळले आणि तेव्हा फुलं नीट पाहिली. तीन फुलं, तिन्ही टक्क उमललेली. या घराण्यातलं एक झाड माझ्या नर्सरीत आहे आणि गिऱ्हाइकं माझ्याशी भांडतात, की बाई, याला फूल येतच नाही. येतं हो, पहाटे येतं. उन्हं आली की मिटतं, आणि तुम्ही तेव्हा झोपलेले असता. झाड दाबलं की फूल त्या घडीला जसं असेल तसंच राहतं, म्हणजे हे पहाटे दाबलेलं होतं. पण ती मंडळी डोंगरावर पोचली दुपारी, आणि दुसऱ्या दिवशी रात्रीच सगळ्यांना खाली पोलीस चौकीत नेलं होतं. डोंगरावर त्यांच्या वाट्याला एकच पहाट आली होती, लंबू मेला त्या दिवसाची.

४

त्या पहाटे झाड आणलं कोणी? घाई नको, मी स्वतःला बजावलं. नवे सर अंधारातच बाहेर पडले होते. काय सांगावं, त्यांनीच वाट वाकडी केली असेल आणि झाड भिंगसरांना देऊन टाकलं असेल. आणि गेल्याच महिन्यात त्यांची नोकरी कायम झाली होती, इतकी वर्षं लटकलेली.

मी त्यांना कॅन्टीनमध्ये गाठलं. माणूस तिशीतला, पण खांदे म्हाताऱ्यासारखे पडलेले. पठार कोरडं ठणठणीत, तिथे असलं काही उगवत नाही आणि ते मुलांना सोडून कुठेही गेले नाहीत, एवढं त्यांनी सांगितलं. ते मुलांकडूनही पडताळता येण्यासारखं होतं. मग मी विचारलं, निघताना भिंगसर खोलीत होते का? दार बंद होतं, असं म्हणाले. बंद होतं हे ठीक, सर आत होते का? चहा अर्धा टाकून ते उठले.

“ताई, मला लहान मुलगी आहे,” एवढंच म्हणाले आणि गेले.

मी थेट ताईकडे आले आणि भाचीला गच्चीत नेलं. म्हटलं, मी तुझ्या बाजूने उभी राहायला निघाले आहे आणि तू माझ्यापासून काहीतरी दडवतेयस, हे चालायचं नाही. मग मात्र तिचा बांध फुटला. आदल्या रात्री लंबू फुशारक्या मारत होता. सरांनी मला एका खास कामाला निवडलंय, पहाटे जायचंय, कोणाला सांगायचं नाही म्हणालेत. वर्षभर सगळ्यात जास्त राबली ही, आणि काम त्याला. ती चिडली.

“मी त्याला म्हणाले, जा, मर तिकडे,” ती म्हणाली. “हेच शेवटचं बोलले मी त्याच्याशी. म्हणून मला वाटतं, देऊ दे त्यांना काय शिक्षा द्यायचीय ती.”

मला रडू आलं आणि संतापही आला. ही पोर एका वाक्याखाली दबून गेली होती, आणि तिच्या त्या अपराधीपणावर बाकीचे सगळे आरामात टेकून बसले होते. समितीची शेवटची बैठक दुसऱ्याच दिवशी होती. पालक म्हणून ताईऐवजी मी जाणार, असं मी ठरवून टाकलं.

५

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं. डोक्याशी कुलगुरू, एका बाजूला भिंगसर आणि नवे सर, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघी. कुलगुरू बोलायला फार गोड. संस्थेची प्रतिष्ठा, शंभर वर्षांची परंपरा, आपण सगळे एक कुटुंब. त्या कुटुंबातली मुलगी वर्षभरासाठी काढून टाकायची, असं ठरलेलंच होतं. कोणाला काही म्हणायचंय का, हे त्यांनी घड्याळाकडे बघत विचारलं.

मी म्हटलं, माझी एक विनंती आहे. बाहेरचं ते नवं झाड आत आणता का? वर्धापनाच्या गौरवाची गोष्ट, त्यांना आनंदच झाला. चौकट टेबलावर आली.

मी भिंगसरांना विचारलं, की हे तुम्ही पोचलात त्या दुपारीच आणलंत ना? ते हो म्हणाले. पायवाटेच्या कडेला? हो. मग मी मुळं दाखवली, फुलं दाखवली, आणि या घराण्यातली फुलं उन्हात मिटतात हे तुम्हीच मला शिकवलंत, याची आठवण दिली. दुपारी आणलेल्या झाडाची फुलं उमललेली कशी?

नवे सर टेबलाकडे बघत होते. भिंगसर मात्र हसले, वर्गात चांगला प्रश्न आला की हसायचे तसे.

“आणलं तेव्हा कळ्या होत्या. मी झाड ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलं. रात्रीतून कळ्या उमलल्या. सकाळी उठल्यावर डबा उघडला, पाहिलं आणि दाबलं. उजेड न लागलेलं फूल मिटत नाही, हेही मी शिकवलं होतं. आणि मुळांचं म्हणशील, तर पायवाटेच्या कडेलाही खडक असतात.”

हे घडू शकत होतं. कुलगुरू सुटकेचा श्वास सोडून म्हणाले, मॅडम, तुमची तळमळ समजते, पण आता मूळ मुद्द्याकडे येऊ या. मी भाचीकडे पाहिलं. सगळ्या खोलीत तिच्यासाठी बोलणारी मी एकटी, आणि माझ्याकडचे शब्द संपले होते.

तेव्हा ती पोरगी पहिल्यांदा बोलली. मान खालीच होती.

“सर, डब्यात झाड झोपवायचं नाही, असा तुमचा नियम आहे.”

आम्ही सगळे या नियमाखाली वाढलो होतो. झाडं गोळा करायचा तो पत्र्याचा डबा जेवणाआधी रिकामा झालाच पाहिजे. माझ्या वेळी एका मुलीच्या डब्यात रात्रभर एक फांदी राहिली, तर सरांनी तिला सगळ्यांदेखत रडवली होती. सर म्हणाले, दुर्मीळ झाडासाठी नियम मोडावा लागतो. सहलीला डबा एकच होता ना, असं मी विचारलं. एकच, ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांची नजर नव्या सरांकडे गेली. ती नजर मी पाहिली. भीती होती तिच्यात.

मी नव्या सरांकडे वळले. म्हटलं, त्या रात्री झाडं तुम्ही आणि हिने दाबलीत. डबा शेवटी कोणी पाहिला? कुलगुरू म्हणाले, यांना यात ओढायचं कारण नाही. मी म्हटलं, साहेब, ही तुमच्यासमोर बसलीय ना, तीही कोणाची तरी मुलगीच आहे.

नव्या सरांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

“डबा मी धुतला,” ते म्हणाले. “झोपायच्या आधी धुऊन व्हरांड्यात पालथा घातला. सरांच्याच शिस्तीप्रमाणे. आत काही नव्हतं. आणि पहाटे आम्ही निघालो तेव्हा डबा तिथे नव्हता. सरांच्या खोलीला बाहेरून कडी होती.”

आता सांगायचं फारसं राहिलं नव्हतं, पण मी सांगितलं, कारण हे नीट एकामागून एक ऐकवणं मला गरजेचं वाटत होतं. झाड रात्री डब्यात नव्हतं, म्हणजे ते त्याच पहाटे आलं. सर म्हणतात मी झोपलो होतो, पण खोलीला बाहेरून कडी होती आणि डबा गेला होता. असली मुळं ज्याच्यावर लागतात तो ओला कडा त्या दरीत आहे, हिने तो पाहिलाय. सरांच्या वयाला तिथे उतरणं जमणार नाही. त्यासाठी लांब हातांचा, धट्टाकट्टा, शब्द न मोडणारा मुलगा लागतो. सर, तुम्ही या सगळ्यावर किती सहज पाणी फिरवू शकला असतात. हे झाड दरीत फेकून दिलं असतं, तर मी इथे बसून काय सिद्ध केलं असतं?

भिंगसर चौकटीकडे बघत राहिले.

“फेकायचं?” ते म्हणाले. “असं झाड फेकतात का कुणी?”

६

मग त्यांनी आपणहून सांगितलं, हळू आवाजात, चौकटीशी बोलल्यासारखं. आधीच्या वर्षी दुर्बिणीतून त्यांना ते कड्यावर दिसलं होतं. लंबूला दोरीने उतरवलं. खालच्या कपारीत पोचल्यावर त्याने कमरेची दोरी सोडली, तिलाच पिशवी बांधली आणि झाड आधी वर पाठवलं. सर झाड बघत बसले.

“त्याने खालून विचारलं, सर, मिळालं का? मी हो म्हणालो. दोरी परत खाली सोडायची होती. सोडणारच होतो. मग काहीतरी घसरल्याचा आवाज आला.”

भाचीने विचारलं, मग तुम्ही काय केलं? तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

“हाका मारल्या. उत्तर आलं नाही.”

“मग?”

सरांनी चौकटीची काच बोटाने पुसली.

“उन्हं येत होती. फुलं मिटायला लागली असती.”

म्हणजे हा माणूस विश्रामगृहावर परत आला, कागद पसरले, पानं मोकळी केली, तंतू न तंतू सरळ केला. आणि खाली तो मुलगा. तेव्हा तो जिवंत होता की नव्हता, हे आता कोणालाच कधी कळणार नाही.

कुलगुरू सावरले सर्वांत आधी. उठून दार लावून आले. ही मोठी दुःखद गोष्ट आहे म्हणाले. पण संस्था एका माणसाच्या चुकीपेक्षा मोठी असते. या मुलीवर कसलाही ठपका राहणार नाही, आज आत्ता तसं लिहून देतो. सर प्रकृतीच्या कारणाने निवृत्त होतील. त्या मुलाच्या बाबतीत ‘अपघात’ एवढंच म्हणू या, कारणं उकरून त्याच्या घरच्यांच्या दुःखात भर कशाला? समारंभही शांतपणे होऊन जाईल.

तुम्हाला काय सांगू, मला मोह झाला. मी आले होते भाचीसाठी. ती सुटत होती. ताईला फोन करून सांगावं, पोरीला घरी न्यावं, जेवायला घालावं, झोपवावं. मी तोंड उघडलंही होतं.

भाचीने माझ्या हातावर हात ठेवला.

“मावशी, त्याच्या आईला सांगितलंय, की तो पोहायला गेला होता. ती मला विचारत होती, त्याला तर पोहता येत नव्हतं, मग तो कशाला गेला. मला काहीच सांगता आलं नाही तिला.”

कुलगुरू म्हणाले, बाळा, जरा शांतपणे विचार कर, तुझं अख्खं आयुष्य पुढे आहे. तिने फोन काढला. ते जागेवरून उठले, तसे नवे सरही उठले आणि त्यांच्या आणि तिच्या मधे जाऊन उभे राहिले. नोकरी कायम होऊन जेमतेम महिना झालेला माणूस.

पलीकडून फोन उचलला गेला.

“काकू, मी बोलतेय,” भाची म्हणाली. “ऐका. तो पोहायला गेला नव्हता. त्याला सरांनी कामाला पाठवलं होतं. आणि काकू, त्याने ते काम नीट केलं होतं.”